खात्यापित्या घरचे

कळव्याची आमची खोली रिकामी करताना माळ्यावर पत्र्याचा एक डबा सापडला. चाळ पडणार, तिथे टॉवर होणार, तेव्हा पन्नास वर्षांचा पसारा शनिवार-रविवारात उपसायचा होता. डब्यात जाड पुठ्ठ्याची लहान लहान तिकिटं होती. जुन्या रेल्वे तिकिटांच्या मापाची, कडा पिवळ्या पडलेली. पुढच्या बाजूला वजन छापलेलं, मागे भविष्याची एक ओळ. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, वडिलांच्या वाकड्या अक्षरात, महिना लिहिलेला. सगळी माझ्या वजनाची. पहिल्या तिकिटावर मी बारा किलोंचा आहे, शेवटच्यावर एक्केचाळीस.

एरवी माझे डोळे भरून आले असते. मी आता त्या वयात आलोय, जुनी छत्री सापडली तरी गहिवरतो. पण त्या दिवशी मला शिसारी आली. तिकिटांचीही आणि माझीही. त्याच आठवड्यात, बुधवारी, माझी पंधरा वर्षांची मुलगी यशू कल्याणच्या एका डॉक्टरांकडे वजनकाट्यावर उभी राहिली होती, आणि तो आकडा काही केल्या डोक्यातून जात नव्हता. तरी मी भिंतीला टेकून बसलो, फडक्यानं एकेक तिकीट पुसू लागलो, आणि मन आपलं मागे गेलंच.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी आबा मला ठाणे स्टेशनवर घेऊन जायचे. आबा म्हणजे माझे वडील. घरात लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणतात. आम्ही खाडीवरच्या पुलावरून चालत जायचो. ओहोटी असली की खाली काळा चिखल उघडा पडायचा आणि त्यात निवट्या, चिखलातल्या त्या मासोळ्या, टणाटण उड्या मारायच्या. चिखलाचा तो कुजका, खारट वास नाकात बसायचा. आबांच्या हाताला कारखान्यातल्या ग्रीसचा वास असायचा, कितीही साबण लावला तरी न जाणारा. तो हात मी घट्ट धरून ठेवायचो. दोन्ही वास मिळून माझ्यासाठी तो महिन्याचा सण असायचा.

फलाटावर ते वजनाचं यंत्र उभं असायचं. माणसाहून उंच, काचेआड लुकलुकणारे लाल-हिरवे दिवे, आणि गरगर फिरणारी चकती. मी वर चढायचो, चकती थांबेपर्यंत श्वास धरून ठेवायचो, कारण पोटात हवा असली की वजन वाढतं असं मला वाटायचं. आबा नाणं टाकायचे, आत कुठेतरी खडखड व्हायची आणि खटकन तिकीट खाली पडायचं. आबा ते दिव्याखाली धरायचे. वजन वाढलेलं असलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "भरला गडी," एवढंच म्हणायचे, आणि मग स्टेशनबाहेरच्या हलवायाकडची गरम जिलबी. वजन तेवढंच राहिलं असलं तर काही बोलायचे नाहीत. परतताना पुलावर माझं मनगट दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायचे, पुन्हा पुन्हा.

ती गप्प वाट मला सोसायची नाही. म्हणून एकदा मी चड्डीचे दोन्ही खिसे खडीनं भरून गेलो. रुळांच्या कडेची खडी, चांगली टोकदार. वजन भरपूर भरलं, आबा खूश झाले. जिलबी खाता खाता माझ्या खिशातून एक खडा निसटून फरशीवर पडला. आबांनी तो उचलला, तळहातावर फिरवला, माझ्या फुगलेल्या खिशांकडे बघितलं. मार बसणार असं मी धरूनच चाललो होतो. त्यांनी मला पलीकडे नेलं, खिसे रिकामे करायला लावले, आणि परत आणून आणखी दोन जिलब्या खायला लावल्या.

बहात्तरच्या दुष्काळात आबांनी बीडकडच्या आमच्या गावाजवळ रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि सरकारी वाटपाची गोड सुकडी खाऊन दिवस काढले होते. एवढंच मला माहीत होतं. त्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पोटासाठी ते ठाण्याला आले, कारखान्यात लागले, कळव्यात खोली घेतली आणि घरात एक कायदा केला: या घरात कुणी उपाशी उठायचं नाही, आणि या घरात ज्वारी येणार नाही. ज्वारीचं पीठ दिसलं की हातात हातोडा आल्यासारखं वाटतं, असं म्हणायचे. आमच्याकडे गव्हाची चपाती, पांढरा पाव, दुधात दोन चमचे साखर, चपातीवर तूप आणि वर पुन्हा साखर. चाळीत आमचं नाव होतं. खात्यापित्या घरचा पोरगा आहे, असं लोक माझ्याबद्दल म्हणत, आणि ते कानावर पडलं की आबा चालताना थोडे ताठ व्हायचे.

आई मात्र चोरून भाकरी करायची. शेजारच्या काकूंकडे तिनं ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवला होता. आबा पहिल्या पाळीला गेले की दुपारी ती वाटीभर पीठ आणायची, आणि भाकरी थापल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सार्वजनिक नळाला पाणी येण्याची वेळ साधायची. बाहेर हंडे-कळश्यांचा गोंधळ, आत आईची थपथप. तव्यावर भाकरी फुगली की एक धुरकट, गोडसर वास सुटायचा. सोबत सुकट, कांदा घालून परतलेली. पाटीवाली आगरी मावशी ती मापट्यानं द्यायची आणि वर एक मूठ फुकट टाकायची. आई आणि मी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसून खायचो, तवा धुवून पालथा घालायचो, आणि आबा यायच्या आत दार सताड उघडं ठेवून वास बाहेर घालवायचो. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हातची पुरणपोळीही चांगली असायची, पण मला आठवते ती ही चोरीची भाकरी.

बुद्धपौर्णिमेला विहाराबाहेर मोठ्या पातेल्यात खीर शिजायची. दुपारपासून वेलचीचा वास अख्ख्या चाळीत फिरत असायचा. वंदना झाली की रांग लागायची आणि प्रत्येकाच्या द्रोणात एक पळी पडायची. एकच. द्रोण चाटून चाटून पानाला भोक पडायचं. मग पुढच्या वैशाखापर्यंत खीर नाही. याचं कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.

आता आम्ही डोंबिवलीला, कल्याण-शीळ रोडवरच्या एका मोठ्या संकुलात राहतो. अकराव्या मजल्यावर. संध्याकाळी सातला फाटकाबाहेर पडलात तर नाक दाबून धरावं लागतं. ओळीनं गाड्या लागलेल्या, प्रत्येकीवर दिव्यांच्या माळा, आणि कढयांमध्ये तेच तेच तेल, काळं झालेलं, फेस धरलेलं. डोशावर लोण्याचा गोळा, त्यावर शेजवान चटणी, त्यावर नूडल्स, आणि त्यावर चीज किसणारा माणूस किसतोच आहे, थांबतच नाही. मेयोनीजची पिशवी टोक कापून टांगलेली. तो ती दाबतो आणि पचकन पांढरा लोळ बाहेर येतो. आजूबाजूला लोक मोबाइल उंच धरून उभे असतात, चीजची तार किती लांब ताणली जाते ते टिपायला. वडापाव बिचारा साधा माणूस होता, त्याच्याही पोटात चीज कोंबलं. खाली गटारात काळे प्लास्टिकचे डबे तरंगत असतात आणि त्यांच्या कडेला थिजलेल्या केशरी तेलाचा थर.

सकाळी याच रस्त्यावरून संकुलातले सहाजण झपाझप चालतात. नवे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, तोंडी रक्तदाब आणि साखरेच्या गप्पा. चौथी फेरी मिसळीच्या दुकानापाशी संपते. वर तर्री, वर फरसाण, वर दोन जास्तीचे पाव, मग घट्ट गोड चहा, आणि परत यायला रिक्षा. आम्ही व्यायाम करतो असं आम्ही सगळ्यांना सांगतो. सहाजण म्हणालो, पण सातवा मी असतो.

गेल्या महिन्यात क्लबहाउसमध्ये कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता. तीन मजली केक आणला होता. मेणबत्ती विझली आणि त्या मुलाचं डोकं सगळ्यांनी मिळून केकमध्ये दाबलं. नाकात क्रीम, कानात क्रीम, भिंतीवर क्रीम. मग एकमेकांच्या तोंडाला फासणं सुरू झालं. फरशीवर केकचे गोळे पडले आणि बुटांखाली चिरडले गेले. आबा कोपऱ्यात खुर्चीवर होते. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात, तरी ते उठले, कागदी ताटली घेतली आणि वाकून फरशीवरचा केक गोळा करू लागले. बायका म्हणाल्या, राहू द्या आजोबा, बाई येईल पुसायला. त्यांना वाटलं आबा साफसफाई करताहेत. मला तिथून पळून जावंसं वाटलं. कुणाची लाज वाटत होती, त्या लोकांची की आबांची, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

पण घाण म्हणाल तर माझ्या घरातच जास्त होती. माझी बायको सुनीता ठाण्याला नोकरी करते, मी त्याच्या पुढे. घरी पोचायला नऊ वाजतात. येतानाच मोबाइलवर काहीतरी मागवायचं, आमच्या आधी डबा दारात हजर. यशू पलंगावर पाय पसरून, समोर स्क्रीन, मांडीवर डबा. काय खाल्लं हे तिला खाल्ल्यावर सांगता यायचं नाही. आम्ही दिवसभर घरात नसतो या अपराधाचं माप आम्ही पनीर आणि कोल्ड्रिंकनं भरत होतो. आणि त्यावर आबा. ते दिवसभर घरात. शाळेतून आली की चपाती, तूप, साखर. क्लासला जाताना खिशात बिस्किटं. तिच्या गालाला हात लावून म्हणायचे, पोरगी कशी भरलीय बघ. नातेवाईक आले की तिला बाहेर बोलवायचे, दाखवायला.

दीड-दोन वर्षांपूर्वी तिच्या मानेच्या मागे काळी घडी पडली. आम्ही तिला अंघोळ नीट करत नाही म्हणून बोललो. सुनीतानं बेसन लावलं, लिंबू चोळलं, मग टाचा घासायची वजरी घेतली. यशू बाथरूममध्ये रडत मान घासायची. चामडी सोलवटून निघाली तरी काळं जाईना. शाळेत तिनं केस मोकळे सोडायला सुरुवात केली, त्यावरून तिथेही ओरडा खाल्ला. बुधवारी डॉक्टरांनी तिचे केस बाजूला केले, एकदाच बघितलं आणि म्हणाले, हा मळ नाही, शरीरातली साखर बिघडायला लागली की असं दिसतं. ती वजरी मी स्वतः बाजारातून आणली होती.

मग त्यांनी तिला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. ब्याण्णव.

"चांगलं भरलंय की पोरीनं," आबा म्हणाले. ते हसत होते. हट्ट करून आमच्याबरोबर आले होते, नातीचं वजन होणार म्हणून. डॉक्टरांचं पेन थांबलं. यशूनं काट्यावरूनच मान वळवून आबांकडे बघितलं आणि मग खाली आपल्या पायांकडे बघत राहिली. तिला उतर म्हणून सांगावं लागलं.

यकृतावर चरबी आहे. साखर उंबरठ्यावर उभी आहे. औषध आत्ता नको, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिने एकच नियम: बाहेरचं बंद, आणि भूक लागेल तेव्हाच खायचं, भूक भागली की थांबायचं. हे जमलं नाही तर विशी-पंचविशीत काय काय होतं ते त्यांनी सांगितलं. मी ते इथे लिहिणार नाही. घरी येताना रिक्षात डॉक्टर काय म्हणाले ते आबांनी मला दोनदा विचारलं, पण वाढलेल्या वजनात वाईट काय, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

तर तो डबा पिशवीत टाकून मी रविवारी तीनच्या सुमाराला घरी आलो. घामानं आणि धुळीनं भरलेलो. आत शिरलो तर आबा ओट्यापाशी उभे. गरम चपातीवर तूप सोडून, वर साखर पसरून, तिची गुंडाळी करत होते. जेवण होऊन दीड तास झाला नव्हता. गुंडाळी त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. मी नंतर जे बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही, पण एक वाक्य लिहायलाच हवं.

"आबा, तुम्ही तिला मारताय."

आबा कचऱ्याच्या डब्याकडे बघत राहिले. बोटांना तूप लागलेलं, हात तसाच अधांतरी. सुनीता आतल्या खोलीतून धावत आली आणि दारातच थबकली.

"खायला घालण्याबिगर मला दुसरं काय येतंय," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. हात धुतले आणि गॅलरीत जाऊन खुर्चीवर बसले. माझा राग एकदम उतरला आणि त्या जागी नुसती किळस उरली. त्या तुपाची, त्या रस्त्याची, माझ्या सुटलेल्या पोटाची, म्हाताऱ्या बापावर उचललेल्या आवाजाची.

यशूनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली. मला वाटलं रडेल, किंवा दार आपटून परत आत जाईल. ती गॅलरीत गेली आणि आबांच्या पायाशी खाली बसली.

"आबा, एक विचारू? हसायचं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर बोलले ना, भूक लागेल तेव्हाच खा. मी चार दिवस ट्राय करतेय. मला कळतच नाहीये. भूक लागते म्हणजे नक्की काय होतं?"

आबांनी आधी माझ्याकडे बघितलं. पोरगी थट्टा करतेय का, हे विचारल्यासारखं. ती थट्टा करत नव्हती. हा प्रश्न आपल्या घरात कुणाला पडू शकेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. खरं म्हणजे त्याचसाठी ते आयुष्यभर राबले होते. मग बोलायला लागले, आणि पन्नास वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते त्यांनी तिला सांगितलं.

"आधी पोटात काय होत न्हाई," ते म्हणाले. "आधी नाकाला कळतं. आपली वस्ती गावाबाहेर. खडीवरनं आलो की मी आडवा पडायचो, अन् गावातल्या चुली पेटल्या की मला कळायचं. कुणाकडं डाळ हाय, कुणाकडं कांदा टाकलाय. पडल्या पडल्या मायला सांगायचो. ती म्हणायची, गप नीज."

"मग?"

"मग तोंडाला पाणी सुटतं. मग तेबी बंद होतं. मग पोट दुखतं. अन् मग दुखायचंबी थांबतं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते लई वंगाळ. तितवर तुला जायचं न्हाई. तुला निसतं पहिलं पायजे. नाकाचं."

"ते कधी येणार?"

"येईल की. वाट बघावी लागंल."

"किती वेळ?"

"मला काय म्हाईत," आबा म्हणाले. "मला कधी तिची वाट बघावी लागली न्हाई. तू बस हितं. मी हाय."

ती बसली. मोबाइल तिनं उशीखाली ठेवून यावा असं कुणी सांगितलं नव्हतं, पण ती उठून ठेवून आली. चार वाजले. सुनीतानं फक्त चहा केला, बिनसाखरेचा, आणि आबांनी तोंड वाकडं करून तो प्यायला. पाच वाजले. खाली मुलं सायकली फिरवत होती. यशूनं एकदा विचारलं, घशात काहीतरी होतंय, हीच का? आबा म्हणाले, ही तहान, पाणी पी. सहाला तिला कंटाळा आला, चिडचिड झाली, आबांशी थोडी भांडलीही. ते हलले नाहीत. जिला दाराबाहेर ठेवायला तो माणूस जन्मभर झिजला, तिचीच वाट बघत तो नातीजवळ बसून होता.

सातच्या सुमाराला यशूनं मान वर केली. नाक थोडं फुलवलं आणि गॅलरीच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आबा, कुणीतरी लसूण टाकलाय फोडणीत."

"कुठनं?" आबांनी विचारलं. ते खुर्चीच्या कडेला सरकले होते.

तिनं डोळे मिटले, पुन्हा वास घेतला. "खालून. नवव्या मजल्यावरचे. आणि सोबत डाळ आहे."

आबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग आत वळून मला म्हणाले, "टाक तवा."